सांगोळ्याचा रावण आणि मिल्टनचा सैतान

अकोला जिल्ह्याच्या पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे. तिथे दसऱ्याला रावण जाळत नाहीत, त्याची पूजा करतात. काळ्या पाषाणातली दहा तोंडांची मूर्ती आहे. जुनी माणसं सांगतात, की गावाने एका तपस्व्याची मूर्ती घडवायला सांगितली होती आणि शिल्पकाराच्या हातून दशानन घडला. तेव्हापासून गावाने त्याला आपला मानलं. रावणाच्या विद्वत्तेला आणि तपाला हात जोडायचे तर रामाला सोडावं लागतं, असं मात्र तिथे कुणाला वाटत नाही. दोघांनाही मानतात.

मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचताना मला सांगोळा आठवतो. 1667 साली लंडनमध्ये छापलेल्या या महाकाव्याबद्दल साडेतीनशे वर्षं एक वाद चालू आहे: यातला नायक कोण? कथा बायबलमधली. उत्पत्तीच्या पुस्तकात आदम आणि हव्वा, एदेन बाग, मना केलेलं फळ आणि सर्प एवढंच येतं आणि सगळी हकिगत दोन-तीन पानांत संपते. सैतानाचं तिथे नावही नाही. सर्पाच्या रूपात सैतान होता ही जोड नंतरच्या परंपरेने दिली. मिल्टनने ती घेतली आणि दहा हजारांहून अधिक ओळींचं काव्य उभं केलं. या काव्याची सुरुवात बागेत होत नाही, देवाच्या दरबारातही होत नाही. ती होते नरकात, पराभवानंतर. स्वर्गातलं युद्ध हरून आगीच्या तळ्यात पडलेला सैतान भानावर येतो आणि बोलू लागतो. ते बोलणं इतकं बाणेदार आहे, की पहिले दोन सर्ग वाचक त्याच्याच बाजूने चालतो.

हे कवीने ठरवून केलं, की लिहिता लिहिता प्रतिपक्ष त्याच्या हाताबाहेर गेला? पवित्र कथा नव्याने सांगणाऱ्या प्रत्येक कवीपुढे हा प्रश्न उभा राहतो. आमच्या मुलखाची त्याच्याशी जुनी ओळख आहे.

वऱ्हाडात पुराणातली ठिकाणं एसटीच्या पाट्यांवर सापडतात. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. अमरावतीची अंबादेवी, जिच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णाने नेलं असं लोक सांगतात. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला दरीत लोटलं, असं म्हणतात. आणि अमरावतीजवळचं भातकुली म्हणजेच पुराणातलं भोजकट, अशी समजूत आहे. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे कौंडण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कृष्णाकडून हरला. मग शब्द राखण्यासाठी तो माघारी गेलाच नाही, त्याने भोजकट वसवलं. कृष्णाचा विरोधक, पण दिलेल्या शब्दाचा पक्का. विरोधकालाही त्याचं देणं देण्याची ही रीत आमच्या कथांमध्ये अशी मुरलेली आहे.

याच रुक्मिणीच्या कथेवर नरेंद्राने तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं आणि चौदाव्याच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’. दोघेही महानुभाव पंथाचे, आणि महानुभावांचं मोठं तीर्थ म्हणजे मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. भास्करभट्टांच्या बाबतीत जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. विषय होता कृष्णाने शिशुपालाला मारण्याचा. कवीचं मन रमलं ते कृष्ण-रुक्मिणीच्या विरहात आणि शृंगारात. ग्रंथ पुरा झाल्यावर त्यांनी तो गुरुबंधूंना दाखवला. ग्रंथ चांगला उतरला आहे, अशी दाद मिळाली. पण निवृत्तीच्या वाटेने निघालेल्यांच्या तो कामाचा नाही, हेही त्यांना ऐकावं लागलं. भास्करभट्टांनी ते मनाला लावून घेतलं आणि पुढे भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली. काव्य धर्मकथेच्या पुढे निघून गेलं, असा निवाडा मराठीत मिल्टनच्या साडेतीनशे वर्षं आधी झाला होता. आपलं भाग्य एवढंच, की ‘शिशुपालवध’ टाकून दिला गेला नाही. दोन्ही ग्रंथ आज वाचायला मिळतात.

बायबलची कथाही मराठीत मिल्टनच्या आधी काव्य होऊन आली, आणि तीही एका इंग्रज माणसाच्या हातून. थॉमस स्टीफन्स हा विल्टशायरचा जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत तिकडेच राहिला. नवख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, की आमची जुनी पुराणं सुटली, आता वाचायला-ऐकायला आमच्याजवळ तसं काही नाही. त्यातून ‘क्रिस्तपुराण’ जन्मलं. 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत ते छापलं गेलं. ओव्या जवळजवळ अकरा हजार. ग्रंथाच्या पहिल्या भागात देवदूतांचं बंड, त्यांचं पतन, आदम-हव्वेचं पाप हे सगळं येतं. म्हणजे मिल्टन सात-आठ वर्षांचा असताना त्याच्याच देशात जन्मलेल्या माणसाने हीच कथा ओवीत बसवून छापून काढली होती. पण स्टीफन्स धर्मगुरू होता आणि ऐकणारे नुकते धर्मात आले होते. सैतानाला मोकळेपणी बोलू देणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याचं पुराण रसाळ आहे, मराठीवर त्याचं मनापासून प्रेम आहे, पण कथेतला वाद तिथे आधीच निकालात निघालेला आहे. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ घेतलं, ते अपुरं ठेवून 1919 मध्ये ते गेले आणि पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. तिथेही कवीचा जीव गुंतला तो ख्रिस्तात, त्याच्या शत्रूत नव्हे.

मिल्टनचं तसं झालं नाही, याला त्याचं आयुष्य कारण आहे. तरुणपणी त्याला राजा आर्थरवर महाकाव्य लिहायचं होतं. पुढे 1640 च्या सुमारास त्याने केलेली टिपणं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेली आहेत. त्यांत आदमच्या पतनावर नाटक लिहिण्याचे आराखडे आहेत. त्याचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आज चौथ्या सर्गात असलेल्या, सैतानाने सूर्याला उद्देशून केलेल्या स्वगताच्या सुरुवातीच्या ओळी महाकाव्याच्या कितीतरी आधी त्या नाटकाचा आरंभ म्हणून लिहिल्या गेल्या होत्या. या स्वगताकडे परत यायचं आहे.

मधली वीस वर्षं कवितेच्या वाट्याला फारशी आलीच नाहीत. इंग्लंडात राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली. 1644 मध्ये मिल्टनने ‘एरिओपॅजिटिका’ लिहून छापण्याआधी परवाना घेण्याच्या सक्तीला विरोध केला. 1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, तेव्हा जुलमी राजाला जाब विचारण्याचा लोकांना हक्क आहे असं त्याने उघड लिहिलं आणि नव्या प्रजासत्ताकात परकीय भाषांचा सचिव म्हणून काम पत्करलं. 1652 पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली. 1660 मध्ये राजेशाही परतली. त्याची पुस्तकं जाळली गेली, काही काळ कैदही झाली. अशा अवस्थेत, पन्नाशी ओलांडलेल्या आंधळ्या माणसाने हे काव्य तोंडी सांगून इतरांकडून उतरवून घेतलं. हस्तलिखिताचे मुद्रक सॅम्युएल सिमन्सने पाच पौंड दिले आणि 1300 प्रती खपल्यावर आणखी पाच द्यायचं कबूल केलं.

राजाविरुद्ध उभा राहून हरलेल्या माणसाने राजाविरुद्ध उभं राहून हरलेल्याची कथा लिहिली. हे साम्य नजरेआड करता येत नाही. पण मिल्टनने सैतानाला कसं बसवलंय तेही पाहावं लागतं. दुसऱ्या सर्गाच्या आरंभी बंडाची भाषा बोलणारा हा पुढारी सिंहासनावर बसलेला आहे, आणि त्या सिंहासनाचं वैभव होर्मुझ आणि हिंदुस्थानच्या संपत्तीला मागे टाकणारं आहे. नरकात सभा भरते, जो तो मत मांडतो, वाद रंगतो. शेवटी सैतानाचा साथीदार बेलझबब जो ठराव मांडतो तो मुळात सैतानाचाच असतो. सभेच्या आधीच सगळं ठरलेलं. लोकशाहीचा देखावा आणि आत एकाचीच सत्ता, हे मिल्टनने अगदी जवळून पाहिलं होतं. सैतानाची भाषा स्वातंत्र्याची आहे, त्याची वागणूक राजाची आहे. पहिल्या वाचनात भाषेने आपण इतके भारावतो, की वागणूक दिसतच नाही.

मिल्टनची भाषा भारावून टाकणारी असली तरी जड आहे, हे कबूल केलं पाहिजे. दंडीने ‘काव्यादर्शा’त ज्या वैदर्भी रीतीला श्रेष्ठ म्हटलं, जिच्यात प्रसाद आहे, माधुर्य आहे, तिला आमच्या मुलखाचं नाव आहे. मिल्टन तिच्या अगदी उलट टोकाला. लॅटिन वळणाची लांबच लांब वाक्यं, क्रियापद कुठेतरी दूर. आणि यमक नाही. पहिल्या आवृत्तीच्या वाचकांना ते खटकलं, तेव्हा 1668 मध्ये त्याने यमकाच्या जोखडातून काव्य सोडवल्याचं ठणकावून सांगणारं टिपण जोडलं. ही कविता मनातल्या मनात वाचून हाती लागत नाही. मोठ्याने वाचावी लागते. ती रचलीच गेली आहे बोलून.

आता वाचकांनी सैतानाचं काय केलं ते बघू. 1697 मध्ये ड्रायडनने तक्रार केली, की मिल्टनचा नायक आदम असायला हवा होता, तो सैतान झाला. ती तक्रार महाकाव्याच्या नियमांची होती. 1712 मध्ये ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये या काव्यावर लेखमाला लिहून त्याला घराघरांत पोचवलं, आणि नायक म्हणायचाच तर तो ख्रिस्त, असा तोडगा काढला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत विल्यम ब्लेकने हा दोष उलटा करून गुण ठरवला: मिल्टन सैतानाच्या बाजूचा होता, त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं इतकंच. शेलीने तोच सूर पुढे नेला. 1818 मध्ये आलेल्या मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला माणसाने घडवलेला जीव तर ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचूनच स्वतःला ओळखू लागतो. विसाव्या शतकात सी. एस. लुईसने सैतानाला पुन्हा खाली ओढलं, एम्प्सनने उलट देवालाच जाब विचारला. 1967 मध्ये स्टॅन्ली फिशने मांडलं, की सैतानाच्या वक्तृत्वाला भुलणं हेच वाचकासाठी रचलेलं आहे. वाचता वाचता आपणही आदमसारखे घसरतो आणि मग भानावर येतो. त्याच 1967 मध्ये मराठीत शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं आणि घरोघरी लोक कर्णाच्या बाजूने रडले.

पण मराठीत प्रतिपक्षाच्या बाजूने उभं राहण्याचं खरं धाडस त्याआधी कितीतरी वर्षं झालं होतं, आणि ते काव्याच्या रसासाठी झालं नव्हतं. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त वामनाची कथा बळीच्या बाजूने सांगितली. पाताळात गाडलेला राजा तिथे न्यायी राजा झाला आणि तीन पावलांत सगळं घेणारा बटू आक्रमक झाला. इडा पीडा टळो आणि बळीचं राज्य येवो, ही तर शेतकऱ्यांच्या घरची जुनीच ओवाळणी होती. फुल्यांनी तिच्यातला इतिहास उघडून दाखवला. ब्लेकला सैतानात कविता दिसली, फुल्यांना बळीत शेतकऱ्याचा हक्क दिसला. माझ्या मते हे पाऊल ब्लेकच्या पुढचं आहे.

आणि हव्वा? वाद सैतानाचा चालला आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं. फळ आधी खाल्लं म्हणून पाश्चात्त्य जगाने शतकानुशतकं तिच्या माथी दोष मारला. मिल्टनही तिला आदमच्या खालची जागा देतो. त्याच्या स्वतःच्या घरात मुलींना त्यांना न कळणाऱ्या भाषांतली पुस्तकं बापासाठी मोठ्याने वाचावी लागत, हेही त्याच भाच्याने लिहून ठेवलं आहे. हे वाचलं की मला आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर तोंडसुख घेतलं, तेव्हा 1882 मध्ये ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. सगळे दुर्गुण बाईच्याच अंगी का लावता, हा त्यांचा प्रश्न, आणि पुराणातल्या देवांना आणि ऋषींनाही त्यांनी त्यातून सोडलं नाही. मिल्टन त्यांनी वाचला असण्याचं कारण नाही. पण हव्वेच्या बाजूचा युक्तिवाद वऱ्हाडात एका मराठी बाईने असा लिहून ठेवला होता.

मिल्टनच्या कथेला याहून जवळची गोष्ट मेळघाटात आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ छापला, त्यात कोरकूंची उत्पत्तिकथा दिली आहे. सातपुड्याचे डोंगर ओस पडलेले पाहून रावणाने महादेवाला विनवलं, की इथे माणसं वसव. महादेवाने कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला पाठवलं आणि त्या मातीचे एक पुरुष आणि एक बाई असे पुतळे केले. लगेच इंद्राने पाठवलेले दोन तेजाळ घोडे जमिनीतून उसळले आणि त्यांनी पुतळे तुडवले. पुन्हा केले, पुन्हा तुडवले. शेवटी महादेवाने आधी कुत्रा घडवला, त्याच्यात प्राण फुंकले, आणि कुत्र्याने घोड्यांना दूर ठेवलं. मग घडलेल्या त्या जोडप्याची नावं मुला आणि मुलई.

मातीचा पुरुष, मातीची बाई, फुंकलेला श्वास: उत्पत्तीच्या पुस्तकाशी किती जुळतं! पण इथे माणसाची आठवण देवाला करून देणारा रावण आहे, आणि माणसाला चिरडू पाहणारा स्वर्गाचा राजा आहे. या कथेत पाप नाही, फळ नाही, बागेतून हाकलणं नाही. माणूस जन्मतो तोच एका राक्षसाच्या दयेमुळे आणि एका कुत्र्याच्या राखणीमुळे. मिल्टनला ही कथा कळती तर तो दचकला असता आणि ती विसरला नसता, असं मला वाटतं. दख्खन त्याच्या कानावर होतीच. नवव्या सर्गात पाप केल्यावर आदम आणि हव्वा अंग झाकायला पानं शोधतात, तेव्हा तो सांगतो की ते झाड म्हणजे मलबारात आणि दख्खनेत माहीत असलेलं, फांद्यांतून मुळं खाली सोडणारं झाड. म्हणजे आपला वड. उन्हाला कंटाळलेला हिंदी गुराखी त्याच्या सावलीत बसून गुरं राखतो, असंही तो सांगतो. त्याने पानं ढालीएवढी मोठी म्हटली आहेत, तेवढं मात्र चुकलं.

आता ते सूर्याला उद्देशून केलेलं स्वगत. पृथ्वीवर उतरलेला सैतान सूर्याचं तेज पाहून थबकतो. इथे ऐकायला कुणी सैन्य नाही, सभा नाही. एकटा असताना तो खरं बोलतो: देवाने माझं काही वाईट केलं नव्हतं, त्याची सेवा जड नव्हती, बंड मी माझ्या मनाने केलं. माफी मागावी का, हा विचारही त्याला शिवून जातो. पण ज्यांना मोठमोठी वचनं देऊन आपण खाली आणलं त्यांच्यापुढे वाकायचं कसं, या लाजेने तो परततो. या सगळ्या काव्यातलं मिल्टनने सर्वांत आधी लिहिलेलं जे आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणजे या स्वगताच्या सुरुवातीच्या ओळी. सैतान कवीच्या हाताबाहेर गेला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. कवीने सैतानाला पहिल्यांदा ऐकलं तेच कबुली देताना.

दहाव्या सर्गात सैतानाच्या या कबुलीच्या बरोबर समोर हव्वा उभी राहते. पाप झालं आहे, शिक्षा ऐकवली गेली आहे, आदम तिला नको नको ते बोलतो आहे, बाईची जातच निर्माण का केली म्हणून देवाला विचारतो आहे. आणि ती त्याच्या पाया पडते, सगळी शिक्षा माझ्या एकटीवर येऊ दे म्हणते. आदमचा राग तिथे विरतो. दोघं मिळून प्रार्थनेला गुडघे टेकतात. सैतानाला लाजेपायी जे जमलं नाही ते ती करते, आणि तिच्यामुळेच माणसाची कथा पुढे सरकते. साऱ्या काव्यातलं शेवटचं बोलणंही मिल्टनने तिच्याच तोंडी ठेवलं आहे. नायक कोण, या जुन्या वादात माझं मत हव्वेला आहे. सैतानाला एवढा मोठा केल्याशिवाय तिचं हे मोठेपण दिसलं नसतं. प्रतिपक्षाला पूर्ण आवाज देण्याचं कारण मला इथे सापडतं. स्टीफन्सच्या पुराणात मला याचीच उणीव जाणवते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. ‘शिशुपालवध’, ‘क्रिस्तपुराण’, ‘ख्रिस्तायन’ आणि मिल्टन हे शेजारी शेजारी ठेवून शिकवायला त्याच्याहून योग्य जागा नाही. मुला-मुलईची कथा आज इंग्रज अमदानीतल्या ग्रंथावरून सांगावी लागते. धारणी-चिखलदऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून, कोरकूतच, ती नीट नोंदवून घेण्याचं कामही या विद्यापीठाने आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी हाती घ्यावं. आणि मिल्टन ज्यांनी कॉलेजात नेमलेल्या पहिल्या सर्गापुरता वाचून सोडला असेल, त्यांना माझी विनंती आहे: चौथा आणि दहावा सर्ग काढा, आणि मोठ्याने वाचा.